महापालिकेच्या बागेतली तुटकी खेळणी : जबाबदारी नेमकी कोणाची?

तुमचा प्रश्न मला असा कळला. प्रभागातल्या बागेत घसरगुंडीचा पत्रा फाटलेला होता, मुलीच्या पोटरीला टाके पडले. क्षेत्रीय कार्यालयात गेलात तर साहेबांनी ऐकवलं की बाग पुरवणं महापालिकेला बंधनकारक नाही, शिवाय दारावर 'खेळणी स्वतःच्या जबाबदारीवर वापरावीत' असा फलक आहेच. तेव्हा आता दाद मागायची कोणाकडे?

मी एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालोय, त्यामुळे ही उत्तरं कशी तयार होतात ते टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय. साहेबांचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसऱ्याला फारसा अर्थ नाही.

अर्धं खरं ते असं. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बारावी अनुसूची आली. तिच्यात उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं हा विषय बाराव्या क्रमांकावर आहे. लोक तेवढंच वाचून भांडायला जातात आणि तोंडघशी पडतात, कारण ती यादी म्हणजे राज्याने शहरांकडे सोपवायच्या कामांची यादी. प्रत्यक्ष कर्तव्यं ठरतात राज्याच्या कायद्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये कलम ६३ खाली बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ खाली मर्जीवर सोडलेली. पाणी, गटार, दिवाबत्ती पहिल्यात. बागा आणि खेळाची मैदानं दुसऱ्यात. म्हणून 'आमच्या प्रभागात बाग बांधाच' असा हुकूम मिळवणं अवघड जातं.

पण त्याच कलम ६३ मध्ये आणखी एक काम आहे, धोकादायक इमारती आणि ठिकाणं सुरक्षित करणं किंवा हटवणं. हे मर्जीवर नाही. बाग बांधायची की नाही हे महापालिका ठरवू शकते. एकदा बांधून, गेट उघडून लहान पोरांना आत घेतलं, की ती धोक्याची राहू द्यायची की नाही हे ठरवायची मुभा तिला उरत नाही. तुमची सगळी तक्रार या एका मुद्द्यावर उभी करा. 'बाग द्या' म्हणू नका, 'दिलेली बाग धोकादायक ठेवलीत' म्हणा.

न्यायालयांनीही हाच धागा धरलाय. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, त्या खटल्यात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. मनोरा तिच्या मालकीचा, देखभाल तिच्या हातात, आणि नीट देखभाल झालेली वास्तू अशी आपोआप पडत नाही, असा तो तर्क होता. १९९९ चा दुसरा निकाल स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडलेल्या झाडाच्या फांदीचा. वाळलेलं झाड वेळेत न काढल्याबद्दल तिथेही दिल्ली महापालिकाच दोषी ठरली. दोन्ही निकाल बागेतल्या खेळण्यांबद्दल नाहीत हे खरं, पण फाटलेला पत्रा आणि वाळलेली फांदी यांत कोणता वकील फार फरक दाखवू शकेल असं मला वाटत नाही. आणि 'निधी नाही' हे उत्तर आलंच, तर रतलाम नगरपरिषदेचा १९८० चा निकाल दाखवा. तो सांडपाणी आणि स्वच्छतेचा होता, पण पैसे नाहीत म्हणून कायद्याने आलेलं कर्तव्य टाळता येत नाही, हे त्यात स्वच्छ सांगितलंय.

फलकाचं म्हणाल, तर सहा वर्षांच्या मुलीने फलक वाचून धोका पत्करला असं कोणत्याही न्यायाधीशाला पटवून दाखवा म्हणावं.

आता कायदा बाजूला ठेवून खरं दुखणं सांगतो. खेळणी तुटतात याचं नवल नाही. ऊन, पाऊस, गंज आणि रात्री झोक्यावर बसणारे वीस-पंचवीस वर्षांचे बाप्ये, हे सगळं ठरलेलंच आहे. (दिवसाही बसतात. फोटो काढायला.) तुटलेलं दुरुस्त होत नाही, कारण बहुतेक ठिकाणी खेळणी विकत घेण्याला पैसा असतो आणि त्यांना तेलपाणी करायला नसतो. नगरसेवकांच्या निधीतून नवा संच येतो, नारळ फुटतो, नावाची पाटी लागते. ठेकेदाराचं देयक निघतं, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि फाइल बंद. कार्यादेशात, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्या लेखी आदेशात, दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे तेवढ्या मुदतीत काही बिघडलं तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचं. पण बिघडल्याचं लेखी कळवायचं कोणी? उद्यान विभाग म्हणतो खरेदी बांधकामची, बांधकाम म्हणतो बाग उद्यानची, आणि माळ्याला तर असा कालावधी असतो हेच कोणी सांगितलेलं नसतं. मुदत टळते. त्यानंतर दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं लागतं, त्यात तरतूद नसते. मग दोन-चार वर्षं थांबून जुनं सगळं भंगारात आणि पुन्हा नवा संच, नवी पाटी. २०२२ पासून बऱ्याच महापालिकांत नगरसेवकांच्या जागी प्रशासक बसले तेव्हा पाट्या कमी झाल्या, दुरुस्ती वाढल्याचं काही माझ्या पाहण्यात आलं नाही.

म्हणून नवीन खेळण्यांची मागणी करू नका. ती मान्य करायला सगळ्यांनाच आवडतं.

करायचं काय, तर आधी जागा कोणाची ते पाहा. नगररचना विभागातून विकास आराखड्याचा उतारा आणि जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. बाग आराखड्यात बागेसाठी राखलेल्या जागेवर आणि महापालिकेच्या ताब्यात असेल तर प्रश्नच मिटला. पण पुष्कळशा बागा ले-आउटमधल्या खुल्या जागेवर असतात. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, आणि ती सहसा तिथल्या रहिवाशांच्या सामायिक वापराची असते. तिथे खेळणी सोसायटीची असतील तर भांडण सोसायटीशी. जागा खाजगी पण खेळणी महापालिकेने बसवलेली, हा तिसरा प्रकार सगळ्यात गोंधळाचा. तिथे कार्यादेशाची प्रत हाच पुरावा.

ती प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा रागाचं पाल्हाळ नको. कार्यादेश, दोषदायित्व कालावधी संपल्याची तारीख, शेवटची तपासणी कधी आणि कोणत्या हुद्द्याच्या माणसाने केली त्याची नोंद, आणि चालू वर्षात खेळण्यांच्या देखभालीसाठी असलेली तरतूद, एवढंच मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. 'तपासणीची नोंद उपलब्ध नाही' असं आलं तर नाराज होऊ नका, तुमच्या हाती त्याहून चांगला कागद पडणार नाही.

त्याआधी, आजच, लेखी तक्रार द्या आणि आवक शिक्का घ्या. व्हॉट्सअॅपवर साहेबांनी अंगठा दाखवला त्याला किंमत नाही. तक्रारीत एक तातडीची मागणी घाला: दुरुस्ती होईपर्यंत ती एक घसरगुंडी पत्रे ठोकून बंद करा, साखळी झिजलेले झोके उतरवून ठेवा. हे काम माळी आणि एक फिटर अर्ध्या दिवसात करतात, त्याला निविदा लागत नाही. अख्ख्या बागेला कुलूप लावायला मात्र हरकत घ्या. तक्रार आली की कुलूप हा कार्यालयांचा आवडता उपाय आहे, आणि मग पोरं रस्त्यावर खेळतात.

आणि खेळण्याच्या खालची जमीन बघा. मुलं पडणारच, पण किती लागेल हे खाली काय आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे घसरगुंडीच्या पायथ्याशी पेव्हर ब्लॉक बसवतात, कारण ते झाडायला सोपे आणि अंदाजपत्रकात दर तयार असतो. याच्याइतका मूर्खपणा दुसरा नाही. ईएन ११७६ हे युरोपीय मानक आपल्याकडच्या पुरवठादारांनाही चांगलं ठाऊक असतं, आपल्या खेळण्यांच्या पत्रकात ते छापतात. त्याप्रमाणे उंचावरून पडण्याच्या जागी सुमारे ३० सेंटिमीटर वाळू किंवा तेवढाच झटका शोषणारं रबर हवं; साधी हिरवळ साधारण मीटरभर उंचीपर्यंतच चालते. कठड्याच्या गजांमध्ये ८९ ते २३० मिलिमीटरची फट असू नये, तिच्यातून अंग जातं आणि डोकं अडकतं. टेप घेऊन जा, मोजा, फोटोत टेप दिसू द्या. अभियंत्याला आकड्यांशी वाद घालणं जड जातं, हे स्वानुभवाने सांगतो.

नुकसानभरपाई मागायची असेल तर मात्र वेळ फार नाही. महापालिकेविरुद्ध दिवाणी दावा लावण्याआधी त्याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ खाली एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. माहिती अधिकार, अपील, 'बघतो, करतो' यात हे सहा महिने सहज निघून जातात, आणि कार्यालयाला ते माहीत असतं. दवाखान्याची बिलं, टाक्यांचा उल्लेख असलेला केसपेपर, त्याच दिवशीचे फोटो आणि आवक शिक्क्याची प्रत घेऊन या आठवड्यातच वकिलाला भेटा. नोटीस आधी जाऊ द्या, माहिती मागून येत राहील.