शुगर तपासायच्या स्ट्रिप्स महिनाभर पुरत नाहीत? आधी हे कर

घाबरू नकोस, सुरुवातीला बहुतेकांचं असंच होतं. आधी आठवडाभर प्रत्येक टेस्ट वेळेसकट लिहून काढ, जेवणाआधी, झोपताना, व्यायामाआधी, गाडी चालवायच्या आधी, शुगर लो झाली की गोड घेऊन 15 मिनिटांनी परत, टाइप वन डायबेटिसमध्ये दिवसाला 6 ते 10 सहज होतात. ती वही डॉक्टरांना दाखव आणि चिठ्ठीवर आकडाच लिहून घे, नुसतं 'गरजेप्रमाणे' नको, तिथेच घोळ होतो. दिवसाला 8 म्हणजे 30 दिवसांना 240, 50 ची डबी असेल तर 5 डब्या, एरर येऊन वाया जाणाऱ्या त्यातच निघतात. शुगर मोजायच्या मीटरचं नावही चिठ्ठीवर लिहून घे. आणि प्लीज, स्ट्रिप वाचवायला झोपतानाची टेस्ट गाळू नकोस, मी गाळायचो, एकदा पहाटे घामाने भिजून उठलो, हात थरथरत होते, मीटरवर शुगर 48, म्हणजे खूपच लो.