दापोलीजवळच्या हर्णैहून सुवर्णदुर्ग या बेटावरच्या किल्ल्यात जायचं तर कोणत्या वेळेला निघावं?

घड्याळाआधी तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्रयोदशी असेल तर १३ चे पाऊण, म्हणजे पावणेदहा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. भरतीच्या तास-दीड तास आधी बेटाला लागलात तर होडी बरीच जवळ जाते. ओहोटीत ती लांबच थांबते आणि शेवाळलेल्या कातळावरून पाण्यातून चालावं लागतं. घसरून पडणं, मोबाईल भिजणं तिथेच होतं. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याची चढउतार जास्त, तेव्हा आणखी जपून.

होडी हर्णै बंदरातूनच ठरवा, भाडं आणि परतीची वेळ बसण्याआधीच बोलून घ्या. पट्ट्याच्या सँडल घाला, चपला वाहून जातात. पिण्याचं पाणी, टोपी सोबत हवी. आत झाडोरा माजलेला असतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. दरवाजाच्या पायरीवरचं कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती चुकवू नका. पावसाळ्यात मात्र नाद सोडा, किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरून बेट बघा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तोही बघण्यासारखा.