परदेशातली कॉलेजं बघायला आईबाबांना सोबत न्यावं का?

तू विचारलंयस की बारावीनंतर स्कॉटलंडला शिकायचंय, तर अ‍ॅडमिशनआधी कॉलेजं बघायला आईबाबांना न्यावं की एजंटच्या व्हिडिओंवर भागवावं. ने. दोघांचं जमत नसेल तर एकाला तरी ने.

माझे बाबा म्हापशात रंगकामाची कंत्राटं घेतात. शिक्षण दहावी, इंग्रजी कामापुरतं. आम्ही निघालो तेव्हा काकांनी घरभर सांगितलं की याला तिथे नेऊन काय उपयोग, पोरीला लाज आणेल. ते वाक्य मला अजून लागतं.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला, म्हणजे कॉलेज बघायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या दिवसाला गेलो. १४५१ सालची युनिव्हर्सिटी, सगळे कमानींखाली फोटो काढत होते आणि बाबा कॅम्पस दाखवणाऱ्या मुलीला विचारत होते की डिग्री किती वर्षांची. चार, कारण स्कॉटलंडात ऑनर्स चार वर्षांची, इंग्लंडात बहुतेक तीन. बाबांनी तिथल्या तिथे चौथ्या वर्षाची फी, भाडं, जेवण सगळं मांडलं आणि विचारलं, थेट दुसऱ्या वर्षाला घेता का? काही कोर्सना ए-लेव्हलवाल्यांना (ए-लेव्हल म्हणजे इंग्लंडातली बारावीसारखी परीक्षा) घेतात, आपल्या बारावीचं त्या त्या डिपार्टमेंटला विचारावं लागतं. हे त्या दिवशी आमच्या ग्रुपमधे दुसऱ्या कोणीच विचारलं नाही.

मग एक खाजगी फ्लॅट बघायला गेलो, एजंटने सुचवलेला, फोटोत एकदम चकाचक. बाबांनी खिडकीखालच्या भिंतीवर तळवा ठेवला, कपाट थोडं पुढे ओढलं आणि म्हणाले, ओल आहे, नुसता वरून नवीन रंग मारलाय. कपाटामागे काळी बुरशी. मग तिथे राहणाऱ्या मुलांना विचारलं कपडे कुठे वाळवता, तर खोलीतच, हीटर महाग म्हणून कमी लावतात. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, ती भिंत वाळणार कधी? आम्ही तो फ्लॅट सोडला. आता सांगा काका, कोणाची लाज गेली?

एजंटला कमिशन बहुतेक वेळा कॉलेजकडूनच मिळतं, तो कपाट सरकवून दाखवणार नाही.

आपल्याकडे अजून एक खूळ आहे, आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, पोर्तुगीज पासपोर्ट काढ, स्कॉटलंडात फी माफ. पोर्तुगाल ईयूत, म्हणजे युरोपियन युनियनमधे, आणि ईयूच्या मुलांना ती सवलत होती, पण ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन ईयूतून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून नव्याने येणाऱ्यांना बंद झाली. आधीपासून तिथे सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रिटनमधे कायम राहायचा हक्क, असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसत्या पासपोर्टच्या भरवशावर बजेट मांडू नकोस.

खर्चाचं विचारलंयस, तर तिकिटं, व्हिसा, राहणं मिळून खर्च मोठाच आहे, कर्ज काढून अजिबात जाऊ नका. तसं असेल तर तिथे शिकणारं ओळखीचं कोणीतरी गाठ, व्हिडिओ कॉलवर खोली बघा, आणि प्रश्न बाबांनाच विचारू दे. व्हिजिटर व्हिसावर गेलात तर तिथल्या तिथे स्टुडंट व्हिसात बदलून मिळत नाही, परत येऊन वेगळा अर्ज करावा लागतो. ओपन डे साधारण जूनमधे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधे असतात, रजिस्ट्रेशन आधी करावं लागतं, तेव्हा सोबत पालक येणार हेही टाक.