आधी युनिट मोज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा जरा चिडून. दुसऱ्या एका देशाच्या वीज सुधारणेचा आराखडा करणाऱ्या गटात तुला घेतलं, छानच झालं. पण चार पानी पत्रात "मालकी" हा शब्द आठ वेळा आलाय आणि "मीटर" एकदाही नाही. एक वरिष्ठ म्हणतात, वितरण खासगी हाती दिल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरे म्हणतात, दिलंत तर गरिबाच्या घरात अंधार. आणि तुला दोघांचंही पटतं. पटणारच! दोघेही हुशार आहेत, दोघांचा अभ्यास दांडगा आहे, आणि दोघांपैकी एकानंही त्या देशातल्या एका तरी फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या लाइनचं, रीडिंग मागवलेलं नाही. मग तू बाजू कसली निवडत बसलीस? आधी युनिट मोज.

तुझ्या वयात मला हे कुणी सांगितलं नाही, असं लिहायचा मोह होतोय. पण ते खोटं ठरेल. सांगितलं होतं. आमच्या उपकेंद्रात एक वयस्क ऑपरेटर होते. दर तासाला लॉगशीट भरायचे. मीटर बंद पडला की त्या रकान्यात लाल शाईनं "मीटर बंद" असं लिहून पुढचे तास रिकामे सोडायचे. मी नवा अभियंता. मला ते रिकामे रकाने आळशीपणाचे वाटत. मागच्या-पुढच्या तासांची सरासरी काढून मी ते भरून टाकायचो. त्यांनी एकदाच विचारलं, "साहेब, मीटर बंद होता तेव्हा तुम्ही बघत होता का?" मी हसलो. पुढची काही वर्षं मी असाच हसत काढली.

मग एका मार्चअखेरीला माझ्याकडे वर्षाचा ऊर्जा हिशेब आला. आत किती युनिटं आली ते माहीत होतं. बिलं किती युनिटांची झाली तेही माहीत होतं. मधला फरक भला मोठा. शेतीपंपांना मीटर नव्हते, अश्वशक्तीवर ठोक आकारणी, म्हणजे त्यांनी नेमकी किती वीज वापरली हे कुणालाच ठाऊक नाही. वरून चिठ्ठी आली, तिच्यावर पेन्सिलीनं गळतीचा, म्हणजे वाटेत वाया जाणाऱ्या नि चोरीला जाणाऱ्या विजेचा, टक्का लिहिलेला. मी गणित उलटं मांडलं. आलेल्या युनिटांतून बिलं झालेली वजा केली, चिठ्ठीतली गळती वजा केली आणि उरलं ते सगळं शेतीपंपांच्या रकान्यात ढकललं. नंतर सहज, खरंच सहज, पंपांचे तास काढून पाहिले. वर्षभरात त्या फीडरवर जेवढे तास वीज होती, त्यापेक्षा जास्त तास पंप चालल्याचं निघालं. विजेशिवाय चाललेले पंप! मी ते पाहिलं आणि सही केली.

तुला वाटेल, म्हातारा जुनी कबुली देऊन मोकळा होतोय. तसंही असेल. पण त्या एका रकान्यानं काय काय केलं ते बघ. चोरी लपली, हितसंबंध लपले, आणि सगळी बदनामी शेतकऱ्याच्या माथी. हे एका कार्यालयापुरतं नव्हतं. १९९८ च्या कायद्यानंतर आपल्याकडे विजेचे दर ठरवणारे नियामक आयोग आले, राज्यांच्या वीज मंडळांना जाहीर सुनावणीत आकडे मांडावे लागले, आणि अनेक राज्यांत विशीच्या आसपास सांगितली जाणारी गळती तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत गेली. तारा एका वर्षात झिजल्या नव्हत्या. रकाना उघडा पडला होता.

आता तुझ्या पहिल्या वरिष्ठांकडे येऊ. ते ओरिसाचं नाव घेतीलच. १९९५ चा कायदा, १९९६ पासून अंमल, मंडळाचे तुकडे, देशातला पहिला आयोग, आणि १९९९ मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे. पाठ्यपुस्तकातली पाककृती ओळीनं केली. पण कंपन्या आल्या आणि कळलं की कागदावरची गळती आणि तारांवरची गळती यांचा मेळच नाही. वसुली होईना, घाऊक विजेचे पैसे थकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाचक्रीवादळानं खांब झोपवले. एईएस ही अमेरिकी कंपनी २००१ मध्ये निघून गेली. उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले. टाटा पॉवरच्या हाती हे वितरण आलं ते २०२० आणि २०२१ मध्ये. मधली वीस वर्षं कोणाची गेली?

त्यांना विचार, २००२ मध्ये दिल्लीत वेगळं काय केलं? खासगी तेही होतं. पण तिथं सुरुवातीची गळती किती हे आयोगानं आधीच ठरवून जाहीर केलं, आणि त्या आकड्यापासून पाच वर्षांत ती किती उतरवणार यावर बोली लागली. मोजमापही नुसत्या बिलाचं नव्हतं, हातात पडलेल्या पैशांचं होतं. पन्नाशीच्या वरची गळती पुढच्या दोन दशकांत एक आकडी झाली. (दरवाढ टाळून हजारो कोटींची तूट, पुढे कधीतरी ग्राहकांकडून वसूल करू म्हणत, "नियामक मत्ता" या गोंडस नावाखाली साठवली, तो दुसरा घोळ. दिल्लीला मी देव्हाऱ्यात बसवत नाही.)

आणि दुसऱ्या वरिष्ठांना व्हिएतनामबद्दल विचार. ते खूश होतील. सरकारी कंपनी, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निम्म्याच्या आसपास घरांत असलेली वीज २०१० पर्यंत जवळजवळ सगळ्या घरांत. त्यांना खूश होऊ दे, मग विचार की सरकारी मालकीच जर औषध असेल तर आपली मंडळं का बुडाली? एकदा २००१ च्या सुमारास, मग २०१२ मध्ये, मग २०१५ मध्ये "उदय" योजना म्हणून, अशी थकबाकी पुन्हा पुन्हा का निस्तरावी लागली? मालकीवर भांडणं सोपं असतं, कारण त्यासाठी खुर्ची सोडावी लागत नाही.

नायजेरिया तुझ्या कामाला अधिक जवळचं आहे म्हणून थोडं सांगतो. २००५ चा कायदा, नोव्हेंबर २०१३ मध्ये अकरा वितरण कंपन्या खासगी मालकांच्या हाती, पारेषण, म्हणजे उच्चदाबाच्या तारांवरून वीज वाहून नेणं, मात्र सरकारकडे. निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त ग्राहकांकडे मीटरच नव्हता. त्यांना अंदाजे बिल. म्हणजे घर बंद असलं तरी बिल, आणि चार एसी लावले तरी तेवढंच. अशा माणसाला वीज वाचवायला सांगणार कुठल्या तोंडानं? त्यानं बिल भरलं नाही तर त्याला चोर म्हणणार कुठल्या तोंडानं? कंपनी म्हणते, वसुली नाही म्हणून गुंतवणूक नाही. ग्राहक म्हणतो, वीज नाही म्हणून पैसे नाहीत. दोघांच्या मध्ये एक मीटर हवा होता. नुसता मीटर!

तू म्हणशील, काका, मीटरनं काय होतं, टंचाई तर टंचाईच. म्हणूनच ब्राझीलची २००१ ची गोष्ट मला फार आवडते, आणि ती कुणी सांगत नाही याचा रागही येतो. वीज बहुतेक धरणांची, पावसानं दगा दिलेला, सुधारणांच्या धांदलीत नवी केंद्रं उभी राहिलेली नाहीत, जलाशय तळाकडे चाललेले. आपण असतो तर भारनियमनाचं वेळापत्रक छापलं असतं. त्यांनी टंचाईच्या प्रदेशातल्या घरांना सांगितलं, गेल्या वर्षी मे, जून आणि जुलैत तुम्ही सरासरी जेवढी वीज वापरली तिच्या ८० टक्क्यांत भागवा. फार कमी वापरणाऱ्यांना सूट, जास्त वाचवणाऱ्याला बोनस, मर्यादा ओलांडणाऱ्याला दंड. जून २००१ ते फेब्रुवारी २००२ हे चाललं, आणि पाळीपाळीनं वस्त्या अंधारात ढकलायची वेळ आली नाही. लोकांनी दिवे बदलले, जास्तीची उपकरणं बंद ठेवली. पण यातलं सगळ्यात मोलाचं काय, सांग बरं? "गेल्या वर्षी मे, जून, जुलै". ते रीडिंग त्यांच्याकडे होतं! संकट आल्यावर मीटर बसवता येत नाही, संकटाच्या आधीचं रीडिंग हाताशी लागतं. ज्या देशात अंदाजानं बिलं निघतात तिथं हा उपाय कितीही हुशार मंत्री आला तरी चालला नसता.

मोजायचं म्हणजे नुसत्या चोऱ्या मोजायच्या नाहीत, हेही लक्षात घे. घानात लोक वीज जाण्या-येण्याला "डुमसॉर" म्हणतात, त्यांच्या भाषेत बंद-चालू. २०१२ नंतरची तीन-चार वर्षं या डुमसॉरनं सरकारला इतकं हैराण केलं की समोर येईल त्या वीजनिर्मिती करारावर सह्या झाल्या. २०१९ मध्ये स्थापित क्षमता पाच हजार मेगावॉटच्या वर, आणि सर्वोच्च मागणी सुमारे २७०० मेगावॉट. करार असे की वीज घ्या न घ्या, पैसे द्या. न वापरलेल्या विजेपोटी वर्षाला पन्नास कोटी डॉलरहून जास्त जात असल्याचं त्यांच्या अर्थमंत्र्यांनीच सांगितलं. पाकिस्ताननं हे खासगी वीजनिर्मितीच्या १९९४ च्या धोरणापासून भोगलंय. मागणी कुणी मोजली होती? कुणीच नाही. घाबरलेल्या माणसाला मागणी नेहमी दुप्पट दिसते.

चिलीनं १९८२ मध्ये निर्मिती, पारेषण, वितरण वेगळं केलं, आणि नव्वदच्या दशकात तेच जगभर औषध म्हणून वाटलं गेलं, ज्यांची अख्खी यंत्रणा एक हजार मेगावॉटचीही नव्हती अशा देशांनासुद्धा. तिथं दोन-तीन केंद्रं, स्पर्धा कोण कोणाशी करणार? ते असो.

तुला एक अडचणीचं उदाहरणही देतो, नाहीतर म्हणशील काका सोयीचंच सांगतात. युगांडात उमेमे कंपनीनं २००५ पासून वीस वर्षं वितरण चालवलं. गळती अडतीस टक्क्यांच्या आसपास होती, ती निम्म्याखाली आणली. मोजणी चोख. तरी लोक दरावर नाराज, कारण करारात गुंतवणुकीवर वीस टक्के परतावा बांधून दिलेला. मार्च २०२५ मध्ये मुदत संपली, सरकारनं वितरण परत घेतलं. म्हणजे मोजून सगळं सुटत नाही. कबूल. पण तिथं शेवटी भांडण कशावरून झालं? कंपनीला किती डॉलर देणं निघतं यावरून, आणि ते लवादापर्यंत गेलं. आकड्यावरचं भांडण मला चालतं. ते कधीतरी मिटतं.

आता माझ्यावर परत येतो. ती सही मी केली नसती तर दुसऱ्यानं केली असती. घरी दोन लहान मुलं होती. वरच्यांना सगळं माहीत होतं. ही तीन वाक्यं मी इतक्या वेळा मनात घोळवली आहेत की ती मला खरी वाटतात, आणि आत्ता कागदावर उतरवली तर तिन्ही पोकळ वाजताहेत. एवढं मात्र सांगतो की नंतर मी फिटंफाट करायचा प्रयत्न केला. एका विभागाची जबाबदारी आली तेव्हा प्रत्येक फीडरला मीटर लावायचा हट्ट धरला. नवी कोरी यंत्रणा नव्हती ती. भांडारात धूळ खात पडलेले मीटर, दोन लाइनमन आणि एक जुनी जीप. सहा महिन्यांत चित्र दिसायला लागलं. तारांवर टाकलेले चोरीचे आकडे रस्त्यावरूनच दिसतात त्या वस्तीच्या फीडरवर गळती होती, पण खरं भगदाड होतं दोन-तीन बड्या ग्राहकांच्या फीडरवर. तिथं एकही आकडा लटकलेला नव्हता. सीटीच्या, म्हणजे मीटरला प्रवाह मोजून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, जोडणीत मात्र हात मारलेला होता. मी अहवाल दिला. माझी बदली झाली. माझ्यानंतर ते मीटर हळूहळू बंद पडले आणि ते रकाने, मला सांगण्यात आलं, पुन्हा सरासरीनं भरले जाऊ लागले.

म्हणून तू "बाजू कोणती" असं विचारतेस तेव्हा माझा तोल जातो. रागावू नकोस. तुझ्यात कसब आहे, मला खात्री आहे, आणि म्हणूनच हे सोमवारच्या बैठकीआधीच सांगतोय. ती मंडळी तुला सादरीकरण करायला लावतील, रंगीत आलेख, तीन पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे. कर. पण त्याआधी तिथल्या वितरण कंपनीला एक पत्र पाठव. कोणताही एक फीडर निवड, शक्यतो शहराच्या कडेचा, जिथं घरं, कारखाने आणि शेती सगळं मिसळलेलं असतं. त्याची गेल्या बारा महिन्यांची रीडिंगं माग, आणि त्याच फीडरवरच्या ग्राहकांची त्याच बारा महिन्यांतली बिलं नि वसुली. किती बिलांवर "अंदाजे" लिहिलंय ते मोज. द्यायला टाळाटाळ झाली तर किती दिवस झाली, तेही तारखेसह लिहून ठेव. तुझे दोन्ही वरिष्ठ म्हणतील, एका फीडरवरून देशाचं धोरण ठरतं का? ठरत नाही. तरी माग.

आले की मला पाठव. मी आता रिकामाच असतो, रात्री बसून बघेन. आणि एखाद्या महिन्याचं रीडिंग मिळालं नाही तर तो रकाना तसाच ठेव. सरासरी काढून भरू नकोस.

तुझा काका