‘गप की’ बोललं तर चालतं, लिहिलं तर लागतं

वाचक विचारतात

या वेळच्या टपालात मुलांच्या मोबाइलवरच्या भांडणांचीच पत्रं जास्त निघाली. त्यातली पाच घेतली आहेत. मुलं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आठवीच्या मुलांनी स्वतःच वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय. रविवारी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची दोन पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच संपली आणि त्या पेठांच्या पोरांची ग्रुपवर जुंपली. रात्री अकरापर्यंत तीनशेच्या वर मेसेज. सोमवारी मधल्या सुट्टीत मारामारी. दोघांना वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावली. मागितली त्यांनी, पण संध्याकाळी ग्रुपवर पुन्हा तेच, पहिल्यापेक्षा वाईट. आमचं चुकलं कुठं?
— वर्गशिक्षिका, मंगळवार पेठ

उत्तर : वर्गासमोर, इथंच. त्या तीनशे मेसेजमध्ये कुणाचे किती, हे एकदा मोजा. बहुतेक वेळा भांडणारे दोन असतात, हसणारे चेहरे आणि आगीची चित्रं टाकून हवा देणारे चार-पाच, आणि बाकी सगळे नुसते बघे. बघे असतात म्हणून माघार घेता येत नाही. चाळीस जणांच्या देखत गप्प बसणं म्हणजे पेठेची मान खाली, असा त्या वयाचा हिशेब असतो. तुम्ही माफी मागायला लावलीत तीही त्याच चाळीस जणांपुढं. संध्याकाळी त्यांनी गेलेली पत परत मिळवली, एवढंच.

दुसरं कारण आपल्या बोलीत आहे. ‘गप की’, ‘येडा हैस काय’ हे आपण खांद्यावर हात टाकून म्हणतो. पडद्यावर तो हात दिसत नाही, हसू दिसत नाही. गॅलरीत शंभर जणांनी मिळून दिलेली ‘नाद करायचा नाय’ ही आरोळी असते. तीच ओळ रात्री साडेदहाला एकाच पोराचं नाव घेऊन लिहिली की आव्हान होते. वाचणारा ती स्वतःच्या त्या वेळच्या मूडच्या आवाजात वाचतो, आणि मॅच हरलेल्याचा मूड काय असणार?

आता क्रम. आधी ग्रुप शांत करा, बंद नको. ज्या मुलाकडं अ‍ॅडमिनपद आहे त्याला ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लगेच लावून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवायला सांगा. ग्रुप उडवायला लावलात तर दहा मिनिटांत नवा निघतो, तुम्हाला पत्ता नसतो, आणि त्यात ज्याला घेतलं नाही त्याचं वेगळं भांडण सुरू होतं. मेसेजही लगेच पुसायला सांगू नका. मुलं स्क्रीनशॉट दाखवतात तो नेमका मधूनच घेतलेला असतो, आपली ओळ वर कापून. सगळं सलग वाचायला मिळालं पाहिजे.

मग दोघांशी वेगवेगळं बोला, त्याच दिवशी, प्रत्येकी पंधरा मिनिटं, खिडकीतून कुणी डोकावणार नाही अशा खोलीत. ‘का केलंस?’ विचारू नका, त्यानं पोरगं वकील होतं. मेसेज समोर ठेवा आणि म्हणा, ‘राग पहिल्यांदा कुठल्या ओळीला आला? बोट ठेव.’ हे बोट फार कामाचं. शिव्यांवर ते क्वचितच पडतं. समजा एकानं लिहिलंय, ‘चष्मा लावा की राव.’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात गोल सोडणारा गोलकीपर होता. वाचणारा त्या ग्रुपवर चष्मा असलेला एकटाच पोरगा. तिथून पुढच्या अडीचशे मेसेजचा उगम त्या ओळीत आहे, आणि हे दोघांनाही माहीत नसतं. त्यानंतर विचारा, ‘त्याला काय म्हणायचं असेल?’ आणि ‘तुझी कुठली ओळ त्याला लागली असेल?’

दोघांची उत्तरं मिळाली की एकत्र बसवा. ते दोघं आणि तुम्ही, चौथं कुणी नको, वीस मिनिटं पुरतात. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, पहिल्यानं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पाळी बदलायची नाही. निवाडा तुम्ही देऊ नका. शेवटी दोन-तीन ओळींचा करार त्यांच्याच भाषेत लिहून घ्या, पण तो पुढच्या रविवारबद्दल हवा. ‘भांडणार नाही’ हा करार टिकत नाही. ‘मॅचच्या रात्री स्कोअरवर लिहायचं नाही, सोमवारी शाळेत तोंडावर बोलायचं’ हा टिकतो. आठवड्यानं दोन मिनिटं उभ्या उभ्या विचारपूस करा.

आगीची चित्रं टाकणाऱ्या चार-पाच जणांना विसरू नका. त्यांना कुणीच काही म्हणत नाही आणि भांडण पुन्हा पेटतं ते तिथूनच. त्यांना एकेकटं बोलावून एवढंच सांगा, की दोघांपैकी जो जवळचा असेल त्याला बाजूला मेसेज करायचा: ‘राहू दे, उद्या बोलू.’ मारामारीबद्दल शाळेची जी शिस्त असेल ती वेगळी चालवा, या बैठकीत मिसळू नका.

प्रश्न : मुलगी सातवीत. नऊ मैत्रिणींचा ग्रुप होता, तिला सोडून आठ जणींनी नवा काढला. रात्रभर फोन बघत बसते, जेवत नाही. फोन काढून घेऊ, की त्या म्होरक्या मुलीच्या आईला फोन करू?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : सध्या दोन्ही नको. फोन काढून घेतला की ती एकच गोष्ट शिकते: आईला सांगितलं की फोन जातो. पुढच्या वेळी सांगणारच नाही. आणि समोरच्या आईला तुमचा फोन गेला की ती आधी आपल्या लेकीची बाजू घेणार. मुलींची आठवड्यात गट्टी होते, आयांची वर्षभर होत नाही.

आधी तिला विचारा, तुला काय हवंय: ग्रुपमध्ये परत जायचंय, कारण हवंय, की नुसतं कुणीतरी ऐकायला हवंय? उत्तर बरेचदा तिसरं असतं. कारण हवं असेल तर आठांपैकी जी सर्वांत जवळची त्या एकीलाच, शाळेत, तोंडी विचारू दे: ‘नवीन ग्रुप झालाय कळलं. मला वाईट वाटलं. माझं काही चुकलं का?’ तिघीचौघींना एकदम मेसेज केले तर त्या नव्या ग्रुपवर सल्लामसलत करून एकच उत्तर देतील. परत घेतलंच नाही, तर त्यातल्या एकीला रविवारी दुपारी घरी बोलवा. आठांच्या ग्रुपपेक्षा एकीची संगत अशा वेळी जास्त कामाला येते.

रात्रीच्या फोनसाठी नियम सगळ्या घराला एकच: साडेनऊला सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचासुद्धा. बऱ्याच घरांत मुलांचा ग्रुप आईच्याच नंबरवर असतो. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम दोन्हींची किमान वयोमर्यादा १३ वर्षं आहे, तेव्हा सातवीतल्या मुलीचं खातं तुमच्या हाताखाली असणं यात काही गैर नाही. मात्र तिच्या नकळत मेसेज वाचू नका. वाचणार असाल तर तसं सांगून वाचा.

प्रश्न : मी दहावीत आहे. मित्राच्या घरच्या परिस्थितीवर ग्रुपवर एक कमेंट टाकली, हशा झाला. दहा मिनिटांत डिलीट केली पण स्क्रीनशॉट फिरतोय. ‘सॉरी भावा’ लिहिलं तर त्यानं ब्लॉक केलं. दुसऱ्या नंबरवरून पाठवू का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : पाठवू नकोस. ब्लॉक म्हणजे ‘आत्ता नको’. ते ओलांडून दुसऱ्या नंबरवरून गेलास तर माफीचा छळ होतो.

‘सॉरी भावा’ का चाललं नाही ते बघ. टोमणा आख्ख्या वाक्याचा होता आणि माफी दोन शब्दांची. नीट माफीत काय केलं ते नाव घेऊन असतं, त्यानं समोरच्याचं काय झालं असेल ते असतं, आणि पुढं तू काय करणार ते असतं. ‘पण’ नसतं. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यातला ‘तर’ काढ, तो दोष परत त्याच्याच गळ्यात घालतो. आणि ‘माफ केलंस ना?’ विचारायचं नाही. एक दिवस जाऊ दे, मग शाळेत, कुणी नसताना: ‘तुझ्या घराबद्दल मी सगळ्यांसमोर बोललो. तू एकदा विश्वासानं सांगितलेलं मी हसण्यावारी नेलं. ग्रुपवर मी ते चूक म्हणून लिहितोय.’ एवढं बोल आणि निघून ये. उत्तराची वाट बघत समोर उभा राहू नकोस.

घाव ग्रुपवर घातलास, म्हणून ग्रुपवरही एक ओळ हवी, पण त्याला सांगून झाल्यावरच: ‘परवा मी जे लिहिलं ते चूक होतं. स्क्रीनशॉट कुणाकडं असेल तर पुढं पाठवू नका.’ मूळ कमेंट पुन्हा लिहू नकोस, त्याचं नावही नको. त्यावर कुणी चेष्टा केली तर उत्तर देऊ नकोस.

डिलीटबद्दल एक गैरसमज असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढता येतो. पण बदलल्याची आणि काढल्याची खूण मागं राहते, आणि स्क्रीनशॉटला यातलं काहीच लागू नाही. पाठवायच्या आधीचा उपाय साधा आहे: ओळ नोट्समध्ये लिही, फोन पालथा ठेव, पाणी पिऊन ये, आणि जो पोरगा तुला अजिबात आवडत नाही त्याच्या आवाजात ती मोठ्यानं वाच.

प्रश्न : मुलीच्या नावानं इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढून तिचे फोटो घाणेरड्या प्रकारे बदलून टाकलेत. वर्गातल्याच एकीवर संशय आहे. शाळा म्हणते, ‘दोघींना समोरासमोर बसवून मिटवू.’ बसवावं का?
— एक वडील, कागल

उत्तर : नाही. वर मंगळवार पेठेला सांगितलेली पद्धत बरोबरीच्या दोघांच्या भांडणासाठी आहे. जिथं एक जण लपून, ठरवून, पुन्हा पुन्हा दुसऱ्याला खाली खेचतोय तिथं मध्यस्थी केली की सोसणाऱ्यालाच तडजोड करावी लागते.

खात्याचं नाव, प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ लिहून ठेवा. खात्याच्या मुख्य पानाचा स्क्रीनशॉट घ्या. पण नग्न किंवा तसे बनवलेले फोटो ‘पुरावा म्हणून’ कुणालाही पुढं पाठवू नका, शिक्षकांनाही नाही. अल्पवयीन मुलांची अशी चित्रं बाळगणं आणि पसरवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी खाली गुन्हा आहे. पोलिसांना फोन हातात दाखवा. इन्स्टाग्रामवर ‘दुसऱ्याच्या नावानं खातं’ अशी तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नोंदवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, लोक इथं घोटाळा करतात. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवाही आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठी. तिच्यात फोटो द्यावा लागत नाही, त्याचा डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो काढतात. इन्स्टाग्राम त्यात आहे.

संशयित मुलीचं नाव स्टेटसला किंवा पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. एक तर तो संशय आहे, आणि प्रकरणात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ मनाई करतो.

प्रश्न : मुलांमधूनच मध्यस्थ तयार करता येतील का? शाळा लहान आहे.
— मुख्याध्यापक, पन्हाळा तालुका

उत्तर : येतील. आठवी-नववीतून आठ ते दहा जण पुरे. पहिल्या नंबरची, शिक्षकांची लाडकी मुलंच निवडू नका, त्यांच्याकडं भांडणं येत नाहीत. ‘भांडण झालं तर कुणाशी बोलशील?’ अशा चिठ्ठ्या घ्या, नावं आपोआप वर येतात. चाळीस मिनिटांचे सहा तास ठेवा, त्यातले चार निव्वळ सरावाचे: खोटं भांडण, खरे मेसेज कागदावर छापून. मध्यस्थ नेहमी जोडीनं बसतील, आणि भांडणारा ज्याचा जिवलग आहे तो त्या दिवशी बाजूला.

हद्द पहिल्याच तासाला सांगा. फोटो, धमकी, पैसे, जीव देण्याची भाषा, जातीवर किंवा धर्मावर टाकलेलं स्टेटस, यातलं काहीही असेल तर ऐकून घ्यायचं आणि त्याच दिवशी शिक्षकांकडं आणायचं, मिटवायला बसायचं नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. असलं ओझं चौदा वर्षांच्या मुलावर टाकायचं नाही.

आणि मध्यस्थाला वर्गाच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन करू नका. ज्याच्या हातात काढून टाकायचं बटण आहे, त्याच्यापुढं मुलं मोकळं बोलत नाहीत.