एका जेवणाच्या टेबलावर चार कायदे

प्रश्न :

नमस्कार ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आता ती १९ वर्षांची आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलवर राहते. व्हिसा अजून एच-४ च, म्हणजे वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेलाच आहे. मिस्टर नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. धाकटा १४ वर्षांचा, इथेच जन्मलेला. सांगलीहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. गेल्या शनिवारी मुलीचे कपडे धुवायला काढताना तिच्या बॅगेत गांज्याच्या गमींचं, म्हणजे गांज्याचा अर्क घातलेल्या जेलीच्या गोळ्यांचं, पाकीट सापडलं. ती शांतपणे म्हणाली, "आई, इथे लीगल आहे. आणि आजोबा शिवरात्रीला भांग घ्यायचे, ते बरं चालायचं?" मला उत्तर सुचलं नाही. ह्यांनी तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलंय. डिसेंबरमध्ये भाच्याच्या लग्नाला पुण्याला जायचं आहे. मी उगाच घाबरते आहे, की जेवढं घाबरायला हवं तेवढं घाबरत नाहीये, तेच कळत नाही.

– एक आई

उत्तर :

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा हे सांगावंसं वाटलं, की मुलगी खोटं बोललेली नाही. तिला जेवढं माहीत आहे तेवढं तिने सांगितलं. बाकीचं तिला कुणी सांगितलेलंच नाही, आणि तुमच्या घराला धोका आहे तो त्या बाकीच्या भागात.

आधी तिची बाजू. न्यू जर्सीत नोव्हेंबर २०२० च्या मतदानात जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी गांजा कायदेशीर करायला कौल दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कायदे झाले आणि एप्रिल २०२२ मध्ये दुकानं उघडली. पण ही मुभा २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना आहे. तुमची मुलगी १९ ची, म्हणजे राज्याच्या कायद्यानेही तिला परवानगी नाही. एवढं मात्र खरं, की २१ च्या आतल्या मुलांकडे थोडा गांजा सापडला तर आता बेड्या पडत नाहीत, पोलीस लेखी ताकीद देतात. कॉलेजच्या आवारात "काही होत नाही" असं मुलं म्हणतात ते ह्यामुळे. तिच्या इथे जन्मलेल्या मैत्रिणींचं खरोखरच फारसं काही होणार नाही. तिचं होऊ शकतं.

मुलगी घरी आली की तुमच्या जेवणाच्या टेबलावर रात्री पाच माणसं बसतात. ताटं सारखी वाढलेली असली, तरी गांज्याच्या बाबतीत ह्या पाच जणांना मिळून चार कायदे लागू होतात. राज्याचा, अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, तिथल्या इमिग्रेशनचा आणि विमान मुंबईत उतरलं की भारताचा. धाकटा नागरिक आहे, त्याला इमिग्रेशनची भीती नाही. बाकी चौघांना आहे.

राज्याने काहीही ठरवलं तरी केंद्राच्या कायद्यात गांजा आजही नियंत्रित अमली पदार्थ आहे. त्याला खालच्या वर्गात टाकायचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला. पण वर्ग बदलला तरी तो नियंत्रित पदार्थांच्या यादीतच राहतो. आणि इमिग्रेशन केंद्राच्या कायद्याने चालतं. तिथे शिक्षा झालेलीच असावी लागते असं नाही. "हो, मी घेतला होता" अशी अधिकाऱ्यासमोर रीतसर दिलेली कबुलीसुद्धा प्रवेश किंवा ग्रीन कार्ड नाकारायला कारण ठरू शकते. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असला तरी गांज्याशी संबंध, अगदी त्या धंद्यातली नोकरीसुद्धा, नागरिकत्वाच्या अर्जात 'सच्चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. हे वाक्य आपल्या आयटीतल्या मुलांनी नीट वाचावं. गांज्याच्या दुकानांची साखळी, त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर, पगार चांगला. व्हिसावर असणाऱ्याने असा प्रोजेक्ट घेण्याआधी वकिलाला विचारायलाच हवं.

आता डिसेंबर. तुम्ही भारतात जाणार, म्हणजे बहुधा मुंबईच्या वकिलातीत व्हिसाचा शिक्का घ्यावा लागेल. त्यासाठीच्या डीएस-१६० अर्जात नियंत्रित पदार्थांविषयीचा कायदा कधी मोडला आहे का, असा थेट प्रश्न आहे. त्याचं खोटं उत्तर देणं हा वेगळा आणि जास्त मोठा गुन्हा, आणि खरं उत्तर कसं द्यायचं हे मी किंवा तुमच्या मंडळातलं कुणी सांगू नये. तो अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एक तास बोला आणि मुलीला त्याच्याशी एकटीला बोलू द्या. तुम्ही समोर बसलात तर ती अर्धंच सांगेल. फोनमधले फोटो आणि ग्रुपवरचे मेसेज ह्यांबद्दलही वकिलाला विचारा. सीमेवरचे अधिकारी फोन उघडून बघू शकतात.

सामानाबद्दल मात्र कुणाचाही सल्ला घ्यायची गरज नाही. एक गोळीसुद्धा बॅगेत असता कामा नये. भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे. त्यात गांज्याची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत धरली जाते खरी, पण अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं, की वजन करताना अमली पदार्थात मिसळलेला इतर मालही धरायचा. गमीतली साखरसुद्धा त्यात आली. बँकॉकहून हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला) गांजा आणणारे प्रवासी मुंबई विमानतळावर पकडले गेल्याच्या बातम्या सासूबाईंनीही वाचल्या असतील. विमान दुबई किंवा दोह्यावरून जाणार असेल तर आणखी एका देशाचा कायदा वाटेत आहे. हँडबॅगेचे कप्पे, कोटाचे खिसे, मेकअपचा डबा, सगळं तिने स्वतः उलटं करून झटकावं. तुम्ही झडती घेऊ नका.

आजोबांच्या भांगेचं उत्तर द्यायला हवंच. ते टाळलंत तर तिला वाटेल, आईबाबांकडे उत्तरच नाही. भारताच्या कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि 'चरस' म्हणजे त्याची राळ. नुसतं पान आणि बी ह्या व्याख्येतून वगळलं आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पान असंच बाहेर राहिलं. म्हणून पानांची भांग एनडीपीएसखाली येत नाही. तिच्यावर राज्यांचं नियंत्रण असतं, महाराष्ट्रात ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याने चालतं. तेव्हा आजोबांचा पेला हा गांजाच होता असं म्हणणं चूक, आणि तो नुसता प्रसाद होता असं म्हणणंही चूक. भांगेनेही नशा होते, पडून हातपाय मोडलेली माणसं आपण पाहिली आहेत. फरक मात्रेचा, वारंवारतेचा आणि वयाचा आहे. पिकल्या वयाचा माणूस वर्षातून एकदा, घरच्यांच्या देखत पेलाभर थंडाई घेतो. एकोणीस वर्षांची मुलगी खोलीत एकटी, कदाचित दर आठवड्याला, कारखान्यात मोजून भरलेला अर्क घेते. 'कदाचित' म्हणते आहे, कारण किती वेळा हे तुम्ही अजून विचारलेलंच नाही. पहिला प्रश्न तोच विचारा.

तिच्याशी वाद घालायचा असेल तर ह्या वादाचा इतिहासही ठेवा जवळ. इंग्रजांनी १८९३ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. वेड्यांच्या इस्पितळात माणसं गांज्यामुळे भरती होतात का, हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला होता. कमिशनने देशभर हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि पूर्ण बंदीपेक्षा कर आणि नियंत्रण बरं, असा निष्कर्ष त्यांनी १८९४ मध्ये काढला. आज न्यू जर्सीत जो वाद झाला तो आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. मुलगी कॉलेजात शिकते, तिला हे वाचायला आवडेल.

माझं मत विचाराल तर, नुसता जवळ गांजा सापडला म्हणून माणसाला तुरुंगात टाकणं मला पटत नाही. अमेरिकेत गोरे आणि काळे लोक साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असताना काळ्यांना अटक मात्र कैक पटींनी जास्त झाली, आणि न्यू जर्सीतल्या मतदानामागे हा अन्याय मोठं कारण होता. हे आपल्या लोकांनी समजून घेतलं पाहिजे. "गांजेकस लोकांसाठी कायदा केला" असं आपण मंडळाच्या पंगतीत बोलतो, तेव्हा पोरं ऐकत असतात आणि आपल्याबद्दल मत बनवत असतात. पण गुन्हा काढून टाकणं वेगळं आणि आंब्याच्या चवीच्या रंगीत गोळ्या करून विकणं वेगळं. माझा विरोध ह्या दुसऱ्या गोष्टीला आहे. मी ओन्टारिओत राहते. १७ ऑक्टोबर २०१८ ला इथे कायदा लागू झाला तेव्हा मला वाटलं होतं, शाळकरी पोरं हातची गेली. तसं झालं नाही. पण वर्षभरानंतर खाण्याचे प्रकार कायदेशीर झाले आणि लहान मुलांनी चुकून खाऊन इस्पितळात जाण्याचं प्रमाण वाढलं. क्युबेकने मिठाईसारखे प्रकार विकूच दिले नाहीत, तिथे ही वाढ कमी राहिली. मुद्दा वेष्टनाचा आणि चवीचा होता, ते तिथे दिसलं.

म्हणून तुमच्या घरात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सासूबाईंची आणि धाकट्याची. गमी दिसायला जेलीच्या गोळीसारखी. खाल्ल्यावर अर्धा तास ते दोन तास काहीच जाणवत नाही, म्हणून माणूस दुसरी खातो, तिसरी खातो. मग बारा तासांपर्यंत अंमल राहू शकतो. कॅनडात अख्ख्या पाकिटात दहा मिलिग्रॅमच्या वर टीएचसी, म्हणजे गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य, चालत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत एका गोळीतच दहा आणि पाकिटात शंभर असतं. सत्तरीच्या बाईने हे खाल्लं तर घरचे पक्षाघात समजून धावपळ करतील. असं कधी झालंच तर डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. अमेरिकेत विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो फ्रिजवर लावून ठेवा. आणि गुडघेदुखीसाठी कुणी सासूबाईंना सीबीडीचं (गांज्याच्या झाडातल्याच, पण नशा न आणणाऱ्या द्रव्याचं) तेल सुचवलं असेल, तर त्या रक्त पातळ व्हायची गोळी घेतात का ते आधी बघा. वॉर्फरिनसारख्या औषधाचा परिणाम सीबीडीने वाढू शकतो.

आता जे सांगणार आहे ते आपल्या घरांत बोललं जात नाही. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात रोज, कडक गांजा घेणाऱ्यांमध्ये मनोविकाराचा धोका वाढतो. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, तर तो आणखी वाढतो. आपल्याकडे एखाद्या आत्याबद्दल "तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता" एवढंच कुजबुजतात. एखादे काका "घर सोडून गेले". मुलींची लग्नं जमायला अडचण नको म्हणून ह्या गोष्टी पुढच्या पिढीला सांगितल्याच जात नाहीत. इथे जन्मलेल्या-वाढलेल्या मुलांना तर गावच्या घरातलं काहीच ठाऊक नसतं. सासूबाई आत्ता घरात आहेत. त्यांच्या शेजारी बसून, दोन्ही घराण्यांत कुणाला असं काही होतं का, हे विचारा. माहेरच्या बाजूचं तुम्ही आठवा. आणि जे असेल ते मुलीला नावानिशी सांगा. माझ्या अनुभवात शंभर व्याख्यानांनी जे होत नाही ते ह्या एका माहितीने होतं, कारण ती माहिती तिच्या स्वतःच्या शरीराबद्दल असते.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडं. कॅनडात पर्मनंट रेसिडेन्सीवर असलेल्यांनी नशेत गाडी चालवण्याचा गुन्हा हलक्यात घेऊ नये. डिसेंबर २०१८ पासून त्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली आणि तो इमिग्रेशनच्या दृष्टीने 'गंभीर गुन्हा' ठरून पीआर धोक्यात येऊ शकतं. गांजा घेऊन सीमा ओलांडणंही गुन्हाच, दोन्हीकडे कायदेशीर असला तरी. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढांना बाहेर २५ ग्रॅम जवळ बाळगायला मुभा आहे. ब्रिटनमध्ये तो अजून बी वर्गातला अमली पदार्थ आहे. सिंगापूरमध्ये तर तिथला नागरिक किंवा पीआर परदेशात सेवन करून परतला तरी खटला होऊ शकतो. तिथल्या मुलांनी ॲम्स्टरडॅमच्या सहलीआधी हे ऐकलेलं असावं.

आता तुमच्या घरातलं. ह्यांना सांगा, अबोला आधी सोडा. त्यांच्या अबोल्यातून मुलीला एवढंच कळतं, की पुढच्या वेळी पाकीट बॅगेत ठेवायचं नाही. तिला त्यांनी रागवावं, पण भीती कशाची आहे तेही सांगावं. पंधरा वर्षं रांगेत उभं राहून मिळणारा कागद, तिच्या एकविसाव्या वर्षी संपणारा एच-४, त्यानंतर स्टुडंट व्हिसासाठी पुन्हा तोच प्रश्न. ह्या रांगेचं ओझं आपण मुलांपासून लपवतो, त्यांना अभ्यास करू दे म्हणून. १९ व्या वर्षी ते तिला कळायला हवं. गाडीतून हॉस्टेलला सोडायला जाताना बोला. समोरासमोर बसवून चौकशी नको. गाडीत दोघांचीही नजर रस्त्यावर असते, बोलणं सोपं जातं.

ती झोप येत नाही म्हणून घेते, की घाबरायला होतं म्हणून, की मैत्रिणी घेतात म्हणून, हे तिच्याकडून येऊ द्या. झोप किंवा भीती असं उत्तर आलं तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जायला मदत करा. आणि वकिलाची वेळ ह्याच आठवड्यात घ्या, तिकिटाची तारीख जवळ यायच्या आत. तिथे काय कळलं ते मला लिहा, पण पुढच्या पत्रात काय लिहायचं ते तिला विचारून.