दिल्ली ते टोकियो : येताना वेळ जास्त का?

प्रश्न : दिल्ली-टोकियो हवाई अंतर किती? मुलीकडे जाताना आठ तासांत पोहोचलो, परतताना मात्र साडेनऊ तास लागले. असे का?

उत्तर : हे अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर आहे. वेळेतल्या फरकाचे खरे कारण म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा झोत, जो हिवाळ्यात जपानवर ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून तो मोजला होता. दुर्दैवाने त्याने अहवाल एस्पेरांतो या फार थोड्यांना येणाऱ्या कृत्रिम भाषेत लिहिल्याने जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० असला, तरी पाठीवर ताशी १५० किलोमीटरचा वारा असेल तर आसनासमोरच्या पडद्यावर १,०५० दिसतात, आणि तोच वारा समोरून आला की ७५०.

तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात. टोकियोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे दिल्लीहून रात्री आठला निघून आठ तासांनी उतरणाऱ्यास तिथे सकाळचे साडेसात वाजलेले दिसतात.